यादीतल्या आकड्यांची बेरीज कशी करावी: लूप सोपा, ‘एकूण’ अवघड

अ‍ॅरेतल्या किंवा लिस्टमधल्या आकड्यांची बेरीज हा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याचा अगदी सुरुवातीचा धडा. तीन ओळींचा लूप, उत्तर बरोबर, चला पुढे. मला चीड येते ती इथेच. त्या तीन ओळींतल्या पहिल्या ओळीत बेरीज साठवायला एक व्हेरिएबल केलेलं असतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही आणि पुढे वर्षानुवर्षं चुकीची उत्तरं त्याच ओळीतून बाहेर पडत राहतात. एरर येत नाही, प्रोग्रॅम बंद पडत नाही. आकडा तेवढा चुकीचा असतो, आणि तो अहवालात छापून जातो.

बरीच वर्षं वेगवेगळ्या भाषांत हेच काम करत आलोय. मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने सांगतो. लिस्ट कशी बनवायची, तिच्यात आकडे कसे भरायचे हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

पायरी १: तयार फंक्शन असेल तर तेच घ्या

पायथॉन, रूबी, सी शार्पचं लिंक (LINQ), रस्टचे इटरेटर, जावाचे स्ट्रीम या सगळ्यांत ‘सम’ आहे. पीएचपीत ‘अ‍ॅरे_सम’ आहे, सी प्लस प्लसमध्ये ‘अ‍ॅक्युम्युलेट’. जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेवर ‘सम’ नावाची मेथड नाही, तिथे ‘रिड्यूस’ किंवा साधा लूप. तयार फंक्शन असताना हाताने लूप लिहायचा तो फक्त शिकण्यासाठी.

पायरी २: लूप लिहायचाच असेल तर

एकूण = ०
यादीतल्या प्रत्येक आकड्यासाठी:
    एकूण = एकूण + आकडा
एकूण छापा

‘एकूण = ०’ ही ओळ लूपच्या बाहेर आणि आधी हवी. इंडेक्स मोजत फिरू नका, ‘प्रत्येकासाठी’ प्रकारचा लूप वापरा, म्हणजे शेवटचा आकडा सुटण्याचा किंवा एक जास्त घेण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि कुणी बेरजेसाठी रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, सुचवलं तर ते परीक्षेपुरतं ठेवा. पायथॉनमध्ये रिकर्शनची खोली मुळात १००० वर अडते. त्याहून लांब यादी आली की प्रोग्रॅम तिथेच संपतो.

पायरी ३: ‘एकूण’चा टाइप ठरवा

सगळा लेख या पायरीसाठी लिहिलाय. इथे मी स्वतः पडलोय, म्हणून सावकाश सांगतो.

‘एकूण’ हे व्हेरिएबल यादीतल्या आकड्यांसारखंच असावं असं आपण न बोलता गृहीत धरतो. ते चूक आहे. यादीतला प्रत्येक आकडा लहान असला तरी त्यांची बेरीज मोठी असू शकते. यादीतले आकडे दशांशात असले तरी ‘एकूण’ पूर्णांकात उघडलेलं असू शकतं. यादी आणि ‘एकूण’ यांचे टाइप हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसरा निर्णय तुम्ही घेतला नाही तर तुमच्या वतीने कंपाइलर घेतो.

माझं जे झालं ते सांगतो. सी प्लस प्लसमध्ये सेन्सरच्या नोंदींची बेरीज करून सरासरी काढायची होती. नोंदी ३.७, २.९, ४.४ अशा, सगळ्या ‘डबल’मध्ये, म्हणजे ६४ बिटांच्या दशांश टाइपमध्ये. मी ‘अ‍ॅक्युम्युलेट’ वापरलं. त्याला यादीची सुरुवात, यादीचा शेवट आणि सुरुवातीची किंमत अशा तीन गोष्टी द्याव्या लागतात. तिसऱ्या जागी मी ० लिहिलं, जसं कुणीही लिहील. सरासरी दर वेळी अपेक्षेपेक्षा साधारण ०.५ ने कमी यायची. पूर्ण चुकीची आली असती तर लगेच कळलं असतं. ही इतकी जवळची होती की आम्ही संशय सेन्सरवर घेतला. ते पुन्हा जुळवले, केबल बदलल्या, तीन दिवस गेले. शेवटी रात्री बसून मी यादीत फक्त चार नोंदी भरल्या: ०.५, ०.५, ०.५, ०.५. उत्तर आलं ०.

झालं असं होतं की ‘अ‍ॅक्युम्युलेट’ बेरजेचा टाइप यादीवरून ठरवत नाही, तिसऱ्या किमतीवरून ठरवतं. मी दिलेला ० हा इंटिजर, म्हणून ‘एकूण’ही इंटिजर. ० मध्ये ०.५ मिळवले की ०.५ होतात, पण ते इंटिजरमध्ये ठेवताना अपूर्णांक कापला जातो आणि पुन्हा ० उरतं. प्रत्येक पावलाला हेच. ३.७ मधले फक्त ३ बेरजेत जात होते, ०.७ प्रत्येक वेळी गळून पडत होते. दुरुस्ती दोन अक्षरांची होती: ० च्या जागी ०.०. तेव्हापासून सुरुवातीची किंमत मी कधीही नुसती ० लिहीत नाही. दशांश असतील तर ०.०, मोठे पूर्णांक असतील तर ‘लाँग लाँग’ प्रकारातला शून्य. ही सवय तुम्ही आजच लावून घ्या.

प्रत्येक पावलाला थोडंसं कापलं जाणं किती महागात पडतं याचं नोंदलेलं उदाहरण व्हँकुव्हर शेअर बाजाराचं आहे. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जायचा आणि तिसऱ्या दशांशानंतरचा भाग जवळच्या अंकाकडे न वळवता सरळ कापून टाकला जायचा. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास घसरला होता. हिशेब दुरुस्त केल्यावर खरा आकडा निघाला १०९८ च्या वर. बाजार वर जात होता आणि फलकावर तो निम्मा झालेला दिसत होता, केवळ हजारांश भागाहून लहान कपच्यांमुळे.

आता पूर्णांकांचं बघू. ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. दोनशे चौदा कोटी हा आकडा मोठा वाटतो, पण मिलिसेकंद, बाइट किंवा पाहणाऱ्यांची संख्या मिळवायला लागलात की तो फार लवकर गाठला जातो. याचा छोटा प्रयोग करून बघा. १ पासून ६५,५३५ पर्यंतचे आकडे मिळवले तर बेरीज २,१४,७४,५०,८८० होते आणि ३२ बिटांत जेमतेम मावते. यादीत फक्त एक आकडा वाढवा, ६५,५३६. खरी बेरीज २,१४,७५,१६,४१६ व्हायला हवी. जावामध्ये ‘इंट’ वापरलं असेल तर उत्तर येतं उणे २,१४,७४,५०,८८०. सगळे धन आकडे मिळवले आणि बेरीज ऋण आली! एरर नाही, इशारा नाही.

ऋण आली तर निदान डोळ्यांत भरते. खरा धोका त्याच्या पुढे आहे. बेरीज आणखी वाढली की ती फिरून पुन्हा धन होते, आणि मग ती अगदी साधीसुधी, विश्वास ठेवण्याजोगी दिसते. म्हणून ‘उत्तर ऋण आलं का ते तपासा’ हा सल्ला मी निरुपयोगी मानतो.

भाषेगणिक वागणूक वेगळी आहे, ती माहीत असलीच पाहिजे. जावा गुपचूप फिरवते. ‘इंट’च्या स्ट्रीमवरचं ‘सम’सुद्धा ‘इंट’च देतं, म्हणून आधी ‘मॅप टू लाँग’ करा, नाहीतर जावा ८ पासून मिळणारं ‘अ‍ॅड एक्झॅक्ट’ वापरा, ते मर्यादा ओलांडली की एक्सेप्शन टाकतं. सी आणि सी प्लस प्लसमध्ये चिन्हांकित, म्हणजे धन-ऋण दोन्ही धरणारा इंटिजर ओसंडला (ओव्हरफ्लो झाला) तर काय व्हावं हे भाषा सांगतच नाही, म्हणजे तिथे काहीही होऊ शकतं. रस्ट डीबग बिल्डमध्ये (चाचणीसाठी बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये) थांबते आणि रिलीज बिल्डमध्ये (प्रत्यक्ष वापरासाठी बनवलेल्यात) फिरवते, त्यामुळे चाचणीत सापडलेली चूक प्रत्यक्ष वापरात गप्प बसते. सी शार्पच्या लिंकचं ‘सम’ एक्सेप्शन टाकतं, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. पायथॉनचे इंटिजर हवे तेवढे वाढतात, तिथे ही काळजी नाही. पण पायथॉनमध्येच नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी वापरायला लागलात की इंटिजर पुन्हा ठरावीक रुंदीचे होतात आणि ६४ बिटांपलीकडे तेही गुपचूप फिरतात. ‘मी पायथॉन वापरतो, मला ओव्हरफ्लो होत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पूर्णांकांसाठी माझा नियम असा: यादी ३२ बिटांची असली तरी ‘एकूण’ ६४ बिटांचं. त्यात ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ पर्यंत मावतं. वाचवलेल्या चार बाइटांसाठी चुकीचं उत्तर स्वीकारणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

जावास्क्रिप्टची गोष्ट वेगळी आहे. तिथला नेहमीचा नंबर हा ६४ बिटांचा फ्लोट, म्हणजे वरचा ‘डबल’च आहे. त्यामुळे पूर्णांक अचूक राहतात ते ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच. त्यात १ मिळवा किंवा २ मिळवा, उत्तर एकच येतं. त्यापलीकडे जायचं असेल तर ‘बिगइंट’.

आता दशांश, म्हणजे या पायरीतला सर्वांत चिवट भाग.

संगणक फ्लोट आणि डबल दोनाच्या घातांत साठवतो. त्याचं मानक आयईईई ७५४ हे १९८५ साली ठरलं आणि आज जवळजवळ सगळीकडे तेच आहे. जसं आपल्याला दशमान पद्धतीत एक तृतीयांश नेमकं लिहिता येत नाही, ०.३३३ करत कुठेतरी थांबावं लागतं, तसं दोनाच्या पद्धतीत ०.१ नेमकं लिहिता येत नाही. म्हणून ०.१ दहा वेळा साध्या लूपने मिळवले की १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. यात संगणकाचा दोष नाही. बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलतं: आधी ०.१ आणि ०.२, मग ०.३ मिळवले तर ०.६००००००००००००००१, आणि आधी ०.२ आणि ०.३, मग ०.१ मिळवले तर ०.६. शाळेत शिकलेला साहचर्याचा नियम इथे चालत नाही.

‘शेवटी राउंड करा, झालं’ हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकलाय की आता सहन होत नाही. राउंड केल्याने शेवटच्या अंकातली धूळ पुसली जाते. पण बेरीज चालू असताना जे हरवलं ते परत येत नाही. यादीत तीनच आकडे घ्या: १ वर १६ शून्यं असलेला आकडा, मग १, मग पहिल्याच आकड्याचं ऋण रूप. खरी बेरीज १ आहे. साधा लूप डबलमध्ये ० देतो, कारण त्या उंचीवर शेजारशेजारच्या दोन डबलमधलं अंतर २ आहे आणि एकट्या १ ला बसायला जागाच नाही. त्या ० ला कितीही राउंड करा, १ होणार नाही.

३२ बिटांचा फ्लोट असेल तर हे फार लवकर होतं. ‘एकूण’ अशा फ्लोटमध्ये ठेवा आणि त्यात एकेक करून १ मिळवत जा. १,६७,७७,२१६ ला बेरीज थांबते. पुढे कोटी वेळा १ मिळवा, आकडा हलत नाही. हे मी स्वतः करून बघितलं तेव्हा बराच वेळ पडद्याकडे बघत बसलो होतो. तुम्हीही एकदा करा, वाचून ते तितकं पटत नाही. डेटा फ्लोटमध्ये असला तरी ‘एकूण’ डबलमध्ये ठेवायचं, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

बहुतेक कामांना डबल पुरतो. आकडे लाखांत असतील, लहान-मोठे मिसळलेले असतील किंवा धन-ऋण एकमेकांना खाऊन टाकत असतील, तर भरपाईची बेरीज वापरा. विल्यम काहान यांनी ही पद्धत १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. आपण हाताने बेरीज करताना हातचा धरतो ना, त्याच्या जवळची कल्पना आहे: मोठ्या बेरजेत लहान आकडा मिळवताना जी कपची गळते ती मोजायची, बाजूला धरून ठेवायची आणि पुढच्या आकड्याबरोबर आत घ्यायची.

एकूण = ०.०
हातचा = ०.०
यादीतल्या प्रत्येक आकड्यासाठी:
    भर = आकडा − हातचा
    नवी = एकूण + भर
    हातचा = (नवी − एकूण) − भर
    एकूण = नवी

चौथ्या ओळीनंतर जे चाललंय ते कागदावर बीजगणितासारखं सोडवलं तर हातचा नेहमी शून्य येतो. आणि म्हणूनच एक इशारा: कंपाइलरला ‘फास्ट-मॅथ’सारखा पर्याय दिलात तर तोही असंच बीजगणित करतो, हातचा शून्य धरतो आणि सगळी भरपाई काढून टाकतो. कोड जसाच्या तसा दिसतो, उत्तर मात्र साध्या लूपचंच येतं. जीसीसी हा कंपाइलर वापरत असाल तर हा पर्याय बंद आहे याची खात्री करा.

दुसरा इशारा. वरच्या तीन आकड्यांच्या यादीवर काहानची पद्धतही ० च देते, कारण पुढचा आकडा ‘एकूण’इतकाच मोठा आला की धरलेला हातचा त्याच्यात विरून जातो. १९७४ मध्ये नॉयमायर यांनी सुधारणा सुचवली: ‘एकूण’ आणि आकडा यांतला जो मोठा, त्याच्यावरून कपची मोजायची, सगळ्या कपच्या वेगळ्या साठवायच्या आणि अगदी शेवटी एकदाच मिळवायच्या. ती पद्धत या यादीवर १ देते. लिहायचीच असेल तर मी नॉयमायरची लिहितो.

पण बहुतेक वेळा लिहावी लागत नाही, आणि पायरी १ चा आग्रह त्यासाठीच होता. पायथॉन ३.१२ पासून ‘सम’ स्वतःच फ्लोटसाठी अशी भरपाई करतं, त्यामुळे दहा ०.१ ची बेरीज तिथे नेमकी १ येते. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर ‘मॅथ’ मॉड्यूलमधलं ‘एफसम’ घ्या, ते तर जवळात जवळचं डबल उत्तर देतं. नमपाय बहुतेक वेळा यादीचे तुकडे पाडून जोडीजोडीने बेरीज करतं, त्यानेही चूक फार कमी वाढते. हाताने लिहिलेल्या लूपला यातलं काहीच मिळत नाही.

‘आकडे आधी लहानाकडून मोठ्याकडे लावून घ्या’ हाही सल्ला फिरत असतो. सगळे आकडे धन असतील तर थोडा उपयोग होतो. धन-ऋण मिसळले की भरवसा नाही, शिवाय यादी क्रमाने लावायला बेरजेपेक्षा जास्त वेळ जातो. मी करत नाही.

आणि पैसे. पैशांची बेरीज फ्लोटमध्ये किंवा डबलमध्ये करू नका. यावर मी वाद घालत नाही. रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात साठवा आणि ६४ बिटांत मिळवा, दाखवताना भागाकार करा. नाहीतर भाषेतला दशमान टाइप घ्या, पायथॉनचा ‘डेसिमल’, जावाचा ‘बिगडेसिमल’. तो बनवताना किंमत अवतरणात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून द्या. अवतरणाशिवाय ०.१ दिलात तर आधी त्याचा डबल होतो आणि मग तुमच्या ‘अचूक’ टाइपमध्ये ०.१००००००००००००००००५५५ असं शेपूट येऊन बसतं. हे चुकवणारे अनुभवी लोक मी पाहिलेत.

पैशांच्या बाबतीत आणखी एक निर्णय आधी घ्यावा लागतो. प्रत्येक ओळ राउंड करून मिळवायची, की सगळं मिळवून शेवटी राउंड करायचं? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. कागदावर ओळी राउंड करून छापणार असाल तर त्या छापलेल्या आकड्यांचीच बेरीज करा. वाचणारा माणूस त्याच ओळी स्वतः मिळवून बघणार आहे.

पायरी ४: यादीत आकड्यांशिवाय काय आहे ते बघा

रिकाम्या यादीची बेरीज ०. हे सोयीसाठी ठरवलेलं नाही. यादी कुठेही तोडून दोन भागांची बेरीज मिळवली तर मूळ बेरीज यायला हवी, आणि एक भाग रिकामा असला तरी ते खरं राहायचं असेल तर त्याची बेरीज ० च असावी लागते. जावास्क्रिप्टचं ‘रिड्यूस’ मात्र सुरुवातीची किंमत दिली नाही तर रिकाम्या अ‍ॅरेवर एरर टाकतं. ऑब्जेक्टच्या यादीतून रक्कम मिळवताना तर ती किंमत न देणं आणखी घातक, कारण मग पहिला ऑब्जेक्टच ‘एकूण’ होऊन बसतो. तेव्हा किंमत नेहमी द्या. सरासरी काढणार असाल तर यादी रिकामी आहे का ते भागाकाराच्या आधी बघा.

एसक्यूएलमध्ये एकही ओळ सापडली नाही तर ‘सम’ ० देत नाही, नल (‘किंमतच नाही’ ही खूण) देतं. आणि नलमध्ये काहीही मिळवलं तरी नलच. ‘कोअ‍ॅलेस’ने त्याचं ० करून घ्या. तिथे याहून मोठा सापळा जॉइनचा, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडण्याचा आहे. एका ऑर्डरला तीन वस्तू आणि दोन भरणे असतील, आणि तुम्ही तिन्ही टेबलं जोडून भरण्यांची बेरीज केलीत, तर प्रत्येक भरणा तीनदा मोजला जातो. आधी प्रत्येक टेबलाची बेरीज स्वतंत्र करा, मग जोडा. ‘डिस्टिंक्ट’ लावून हे झाकू नका. दोन भरणे खरोखरच सारख्या रकमेचे असले तर त्यातला एक गायब होईल.

फॉर्ममधून किंवा फाइलमधून आलेले आकडे बहुतेक वेळा स्ट्रिंग असतात. जावास्क्रिप्टमध्ये ० मध्ये स्ट्रिंग ‘१०’ आणि मग स्ट्रिंग ‘५’ मिळवली तर १५ येत नाही, ‘०१०५’ येतं. बेरजेच्या लूपमध्ये रूपांतर करत बसू नका. डेटा आत येतो तिथेच आकडा करून घ्या आणि जे आकडा होत नाही ते तिथेच नाकारा.

एक ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’ असं सांगणारी फ्लोटची खास किंमत) यादीत असला की अख्खी बेरीज नॅन होते. याचा मला राग येत नाही, उलट आभार वाटतात, कारण निदान कळतं. वाईट ते उणे ९९९९. जुन्या नोंदींमध्ये ‘माहिती नाही’ याच्या जागी असा आकडा लिहिण्याची पद्धत आहे, आणि तो मुकाट्याने बेरजेत मिसळतो. बेरजेच्या आधी यादीतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा छापून बघा. दोन ओळींचं काम आहे.

पायरी ५: अनेक थ्रेड असतील तर

थ्रेड म्हणजे प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे धागे. सगळ्या थ्रेडना एकाच ‘एकूण’वर सोडू नका. दोघांनी एकाच वेळी जुनी किंमत वाचली की एकाची भर हरवते. प्रत्येकाला स्वतःचं ‘एकूण’ द्या आणि शेवटी ती मिळवा. दशांश असतील तर तुकड्यांचा क्रम बदलला की शेवटचे अंक दर वेळी वेगळे येऊ शकतात. ते चालणार नसेल तर तुकडे आणि त्यांचा क्रम दोन्ही ठरवून टाका.

पायरी ६: तपासा

कोड कितीही साधा दिसला तरी या याद्या मी त्याच्यावर चालवतोच. रिकामी यादी: ०. एकच आकडा: तोच आकडा. १ ते १००: ५०५०. १ ते ६५,५३६: २,१४,७५,१६,४१६, ‘एकूण’ची रुंदी इथे कळते. चार वेळा ०.५: २, अपूर्णांक कापला जातोय का ते इथे कळतं. मोठा आकडा, १, आणि मोठ्याचं ऋण: भरपाई खरोखर चालते का ते इथे. दहा वेळा ०.१: इथे उत्तर १ शी ‘बरोबर आहे का’ असं दोन बरोबरच्या चिन्हांनी विचारू नका, फरक तुम्ही ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लहान आहे का ते विचारा.

या सातही याद्या टेस्ट फाइलमध्ये कायमच्या ठेवा. सेन्सरच्या त्या प्रकरणात चार वेळा ०.५ ही यादी पहिल्या दिवशी चालवली असती तर एकही केबल बदलावी लागली नसती.